तब्येतीला आकडा कसा द्यायचा? आरोग्य अर्थशास्त्रात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

माझी पहिली मुलाखत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका घराच्या ओसरीवर झाली. समोर पासष्टीच्या आजी, दोन्ही गुडघे झिजलेले. माझ्या कागदावर वेदनेपुढे पाच चौकटी होत्या: अजिबात नाही, थोडी, मध्यम, तीव्र, अतितीव्र. मी विचारलं, ‘आजी, आज किती दुखतंय?’ त्या म्हणाल्या, ‘दुखता गो बाय, पूण चलता.’ मी ‘थोडी’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मग त्या मला पाणी आणायला उठल्या. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर, उंबऱ्यापर्यंत जाताना दोनदा थांबल्या. त्यांच्या ‘चलता’चा अर्थ दुखणं थोडं आहे असा नव्हता. दुखणं सवयीचं झालंय, कोणाला सांगायचं, एवढाच होता. माझी खूण चुकली होती, आणि ती माझ्या वागण्यामुळे चुकली होती. मी पाचही पर्याय वाचून दाखवलेच नव्हते.

त्या एका खुणेवरून पुढे एक दशांश आकडा निघतो, त्यातून क्वाली (तब्येतीच्या दर्जाने तोललेली आयुष्याची वर्षं) निघतात, क्वालीवरून रुपयांचा हिशेब होतो आणि त्या हिशेबाच्या जोरावर कोणीतरी ठरवतं की अमुक उपचाराला सरकारी पैसा द्यायचा की नाही. म्हणून हा लेख. एमडीचा प्रबंध करणारे, नर्सिंग किंवा फार्मसीत संशोधन करणारे, अर्थशास्त्रात एमए करताना आरोग्याचा विषय घेतलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. मला हे सगळं जोडायला दोन वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत.

१. आधी विचारा: हा आकडा कोणाला, कशासाठी हवाय?

बहुतेक जण प्रश्नावलीपासून सुरुवात करतात. मीही केली. सुरुवात निर्णयापासून करा.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला किती बरं वाटतं, एवढंच तुम्हाला पाहायचं असेल, तर युटिलिटीच्या भानगडीत पडूच नका. गुडघ्यासाठी वोमॅक, नैराश्यासाठी पीएचक्यू-९ अशी त्या त्या आजाराची मापं आहेत आणि ती बारीक फरकसुद्धा पकडतात. पण प्रश्न असा असेल की ‘गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेत गुडघेबदल ठेवायचा की तोच पैसा नैराश्याच्या समुपदेशनाला द्यायचा’, तर वोमॅकचे गुण आणि पीएचक्यूचे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत. तिथे दोन्हींना एकाच पट्टीवर आणावं लागतं. त्या पट्टीवर १ म्हणजे पूर्ण तब्येत आणि ० म्हणजे मृत्यू. मृत्यूपेक्षा वाईट वाटणाऱ्या अवस्थांना उणे आकडा मिळतो. या पट्टीवरच्या आकड्याला युटिलिटी म्हणतात.

एका वाक्यात लिहून काढा: ‘हा आकडा अमुक निर्णयासाठी, अमुक उपचाराची तमुक उपचाराशी तुलना करायला हवाय.’ हे वाक्य लिहिता आलं नाही, तर अजून घराबाहेर पडू नका.

२. क्वाली की डॅली?

क्वाली म्हणजे आयुष्याची वर्षं गुणिले त्या वर्षांतल्या तब्येतीची युटिलिटी. ०.५ युटिलिटीत काढलेली दोन वर्षं म्हणजे एक क्वाली. उपचाराने क्वाली मिळतात, म्हणून जास्त ते चांगलं.

डॅली उलटी चालते. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात अधू होऊन काढलेल्या वर्षांचा भार यांची ती बेरीज असते. तिथे ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे मृत्यू, आणि कमी ते चांगलं. १९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालातून ही कल्पना सगळीकडे पोचली आणि रोगभाराचे जागतिक अंदाज आजही तिच्यातच मांडले जातात.

राज्यात कोणत्या रोगाचा किती भार आहे हे मांडायचं असेल तर डॅली घ्या. दोन उपचारांत निवड करायची असेल, आणि विशेषतः भारतीय सरकारी चौकटीत काम करायचं असेल, तर क्वाली. केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ मध्ये उभी राहिलेली ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया’ ही यंत्रणा क्वालीतच हिशेब मागते.

इथला सापळा: ‘१ वजा डॅलीचं वजन म्हणजे युटिलिटी’ असं धरून दोन्ही तक्ते एकत्र करणं. डॅलीची वजनं वेगळे प्रश्न विचारून, वेगळ्या लोकांकडून काढलेली असतात. ती क्वालीच्या हिशेबात ओतू नका.

३. मोजायचं कसं: थेट विचारून की तयार प्रश्नावलीने?

थेट विचारण्याच्या पद्धती आधी समजून घ्या. तुम्ही स्वतः त्या वापरणार नसलात, तरी तयार प्रश्नावलीमागे त्याच उभ्या असतात.

तापमापी. शून्य ते शंभर खुणांची उभी पट्टी, ‘आजची तब्येत कुठे?’ सोपी आहे, सगळ्यांना कळते. पण इथे माणसाला काहीच सोडावं लागत नाही, नुसतं बोट ठेवायचं असतं. शिवाय पट्टीच्या तळाशी ‘कल्पना करता येईल अशी सर्वांत वाईट तब्येत’ असते, मृत्यू नसतो. म्हणून पट्टीवरच्या ६० ला ०.६ युटिलिटी म्हणणं चूक. नवख्यांच्या प्रबंधांत मला सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच.

जुगाराची पद्धत, म्हणजे स्टँडर्ड गँबल. समजा एक गोळी आहे. ती घेतली तर पूर्ण बरं होण्याची शक्यता आहे, पण मरण्याचा धोकाही आहे. धोका किती असेपर्यंत घ्याल? कोणी ‘२० टक्क्यांपर्यंत’ म्हणाला, तर आताच्या अवस्थेची युटिलिटी ०.८. हिचा पाया १९४४ मध्ये फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी मांडलेल्या सिद्धान्तात आहे, म्हणून अर्थशास्त्रज्ञांना ती प्रिय. पण ‘१५ टक्के की २० टक्के’ हा फरक टक्केवारीत न वावरणाऱ्या माणसापर्यंत पोचवणं फार कठीण जातं. दोन रंगांची फिरती चकती किंवा शंभर मण्यांची पाटी जवळ असल्याशिवाय हा प्रश्न विचारू नका. लोक धोक्याला घाबरतात, त्यामुळे इथले आकडे सहसा बाकीच्या पद्धतींपेक्षा वर जातात.

वर्षांचा सौदा, म्हणजे टाइम ट्रेड-ऑफ, बोलताना सगळे टीटीओ म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जॉर्ज टोरान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, १९७२ च्या सुमारास. प्रश्न असा: या अवस्थेत १० वर्षं जगणं, की पूर्ण बरं होऊन त्याहून कमी वर्षं? किती वर्षांवर दोन्ही सारखंच वाटेल? उत्तर ६ आलं तर ०.६. अवस्था मृत्यूपेक्षा वाईट वाटत असेल, तर आधी १० निरोगी वर्षं जोडून द्यायची, मग ती अवस्था १० वर्षं, आणि त्याच्या बदल्यात किती निरोगी वर्षं चालतील ते विचारायचं. ५ म्हणाले तर ५ वजा १०, भागिले १०, म्हणजे उणे ०.५.

ही पद्धत मला सर्वांत जवळची वाटते. तिनेच मला सर्वांत जास्त शिकवलं, म्हणून इथे जरा थांबते.

मोरजीतल्या एका मच्छीमार काकांना मी हा सौदा घातला. पाठीच्या दुखण्याने होडीवर जाणं सुटलेलं. दहा वर्षांवरून सुरू करून आम्ही नऊ, आठ, सात असे खाली आलो. सातवर ते थांबले. मी विचारलं, ‘काका, सातच का?’ ते म्हणाले, ‘धाकटी आता चौदाची. ती एकवीसची होऊन तिचं लग्न लागेपर्यंत मला असायला पाहिजे. सातच्या खाली मी उतरणार नाही.’ माझ्या तक्त्यात ०.७ नोंदला गेला. पण तो ०.७ पाठीचा नव्हता, मुलीच्या लग्नाचा होता. दुसरीकडे असेही लोक भेटले जे एक दिवससुद्धा सोडायला तयार नव्हते: आयुष्य देवाने दिलेलं, त्याचा सौदा आम्ही कोण करणार? त्यांची युटिलिटी सरळ १ येते, आणि समोर माणूस कण्हत बसलेला असतो.

अशा वेळी वाद घालू नका, समजावून खाली आणू नका. उत्तर आहे तसं नोंदवा आणि बाजूला ‘कारण’ असा एक रकाना ठेवून त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा. सौदा न करणाऱ्यांचं पुढे काय करायचं याचा नियम मुलाखती सुरू होण्याआधी लिहून ठेवा. निकाल पाहून नियम केलात तर तो नियम राहत नाही. विश्लेषण दोनदा करा, त्यांना धरून आणि त्यांना वगळून.

निवडीचे संच, म्हणजे डीसीई. दोन अवस्था शेजारी ठेवून ‘यातली कोणती बरी?’ एवढंच विचारायचं, अशा बऱ्याच जोड्या, आणि मग गणिताने वजनं काढायची. लोकांना हा प्रश्न सोपा जातो. मात्र नुसत्या निवडींवरून मृत्यूचं शून्य कुठे ते कळत नाही, म्हणून ती बहुधा टीटीओच्या जोडीने वापरतात.

पैशांत विचारण्याचीही पद्धत आहे: ‘हे दुखणं जावं म्हणून किती द्याल?’ उत्तरात तब्येतीपेक्षा खिसा जास्त बोलतो. सार्वजनिक निर्णयासाठी मी नवख्यांना ती सुचवणार नाही.

पहिल्या प्रकल्पासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: तयार प्रश्नावली घ्या, आणि ती म्हणजे ईक्यू-५डी-५एल. १९८७ मध्ये जमलेल्या युरोक्वॉल या संशोधकांच्या गटाने मूळ प्रश्नावली १९९० मध्ये आणली. तीत पाच गोष्टी विचारतात: हिंडणंफिरणं, स्वतःचं स्वतः करणं, नेहमीची कामं, वेदना किंवा अस्वस्थता, चिंता किंवा नैराश्य. प्रत्येकीला जुन्या ‘३एल’ आवृत्तीत तीन पातळ्या होत्या, नव्या ‘५एल’मध्ये पाच. प्रत्येक गोष्टीच्या पातळीचा एक अंक धरून २१३४२ असा पाच अंकी कोड तयार होतो आणि एकूण ३१२५ अवस्था होतात. जुन्या आवृत्तीत २४३ होत्या.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. या पाचांत नजर नाही, ऐकणं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा फायदा यात नीट उतरत नाही. तुमचा विषय डोळ्यांचा किंवा कानांचा असेल तर मार्गदर्शकांशी आधी बोला. मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे, मोठ्यांची त्यांच्यावर लादू नका.

४. घराबाहेर पडण्याआधी काय हवं

- संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी. तोंडी ‘हो’वर एकही फॉर्म भरू नका.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, तुमचे लोक जी भाषा बोलतात तिच्यात.
- युरोक्वॉलकडे अभ्यासाची ऑनलाइन नोंदणी. विद्यार्थ्यांच्या, नफा नसलेल्या कामाला शुल्क पडत नाही. कोणती भाषा, कागदी की टॅबवर, रुग्ण स्वतः भरणार की तुम्ही वाचून दाखवणार, की घरचा कोणी त्याच्या वतीने सांगणार, हे सगळं तिथे भरावं लागतं, कारण प्रत्येकाचा मजकूर वेगळा आहे. मराठी आवृत्ती उपलब्ध आहे.
- टीटीओ करणार असाल तर सौद्याची पाटी आणि लिखित संवाद, शब्दन् शब्द.
- जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले पाचही पर्याय. आजींच्या चष्म्याचा नंबर तुम्हाला माहीत नसतो.
- अस्वस्थ झालेल्या माणसाला कुठे पाठवायचं याची सोय. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावरच छापा.

इथे माझी मोठी चूक सांगते. नोंदणीला वेळ लागेल म्हणून मी इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी घरीच केलं आणि चाळीस फॉर्म भरून आणले. ‘युज्वल ॲक्टिव्हिटीज’चं मी ‘दैनंदिन कामे’ केलं होतं. बायकांनी त्याचा अर्थ स्वयंपाक-धुणीभांडी असा घेतला, पुरुषांनी नोकरी. शेत, देऊळ, भजन, नातवाला शाळेत सोडणं, काही कोणी धरलं नाही. प्रमाणित आवृत्त्या दोनदा भाषांतरित करून, उलट इंग्रजीत नेऊन, लोकांवर चाचणी घेऊन ठरवलेल्या असतात. माझे चाळीस फॉर्म बाद झाले, आणि त्या चाळीस माणसांनी दिलेला वेळही वाया गेला. याचं मला आजही वाईट वाटतं.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. कागद मराठी, उत्तर कोंकणी, मध्येच पोर्तुगीज शब्द, हे आपल्याकडे रोजचंच. मुलाखतकार एकाहून जास्त असतील तर आधी एकत्र बसा आणि ठरवा: प्रश्न छापील मजकुरातूनच वाचायचा, आणि उत्तर माणसाने पाचपैकी एकावर बोट ठेवूनच द्यायचं.

५. मुलाखत

आता त्या ‘चलता’कडे येते. उत्तर मोघम आलं की त्याचं भाषांतर तुम्ही करायचं नाही. त्यांचा चेहरा पाहून पातळी वाढवायचीही नाही. पुठ्ठा पुढे करा, पाचही पर्याय सावकाश वाचा, आणि म्हणा, ‘यातलं आजच्या दिवसाला कोणतं लागू पडतं ते दाखवा.’ मग गप्प बसा. मी पुढच्या आठवड्यात त्या आजींकडे परत गेले. या वेळी त्यांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवत नेऊन ‘तीव्र’वर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हेंच.’ पहिला फॉर्म मी नियमाप्रमाणे तसाच ठेवला आणि दुसऱ्या भेटीची स्वतंत्र नोंद केली.

ही प्रश्नावली ‘आज’बद्दल विचारते, गेल्या महिन्याबद्दल नाही. त्यामुळे तुम्ही कोणत्या दिवशी विचारता याला फार महत्त्व आहे. काणकोणहून पहाटेची कदंब बस पकडून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीसाठी आलेल्या माणसाचा तो दिवस त्याच्या इतर दिवसांसारखा नसतो. डायलिसिसच्या रुग्णाचा डायलिसिसचा दिवस आणि मधला दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक. मी नंतर नियम केला: सगळ्यांना एकाच प्रकारच्या दिवशी विचारायचं, आणि फॉर्मवर वार, वेळ, जागा लिहायचीच.

घरात माणसं बोलतात. मुलगा म्हणतो, ‘आईला काही होत नाही, ती सगळं करते.’ सून म्हणते, ‘रात्रभर झोपत नाहीत.’ दोघांचं ऐकून घ्या, पण फॉर्म आईचा आहे. शक्य तर तिच्याशी एकटीशी बोला. चिंता-नैराश्याचा पाचवा प्रश्न चारचौघांत कधीच खरा भरला जात नाही.

आणि टीटीओ करणार असाल तर एक मनापासून सांगते. घरात सुतक असेल, कोणी नुकतं गेलं असेल, तर तो प्रश्न त्या दिवशी काढूच नका. चहा घ्या, विचारपूस करा आणि निघा. अभ्यासातला एक फॉर्म कमी झाला तरी चालेल.

६. कोडपासून युटिलिटीपर्यंत

२१३४२ या कोडला आकडा कसा लागतो? त्यासाठी व्हॅल्यू सेट लागतो. एखाद्या देशातल्या सामान्य लोकांना घरोघरी जाऊन टीटीओ आणि निवडीचे प्रश्न विचारतात, आणि त्यांच्या उत्तरांवरून सगळ्या ३१२५ अवस्थांचे आकडे काढतात. म्हणजे पाहा, रुग्ण फक्त आपली अवस्था सांगतो, तिची किंमत मात्र लोक ठरवतात. सरकारी पैसा लोकांचा, म्हणून पसंतीही लोकांची, असं त्यामागचं तत्त्व. ते तुम्हाला पटो न पटो, पण तुमचा आकडा कोणाचा आहे हे तुम्हाला ठाऊक हवं. दुखण्याशी जुळवून घेतलेला रुग्ण आपली अवस्था बऱ्याचदा बाहेरच्या माणसापेक्षा बरी मानतो. ओसरीवरच्या आजी ‘चलता’ म्हणाल्या ते त्यातूनच.

भारताचा स्वतःचा ५एल व्हॅल्यू सेट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी त्याचं नेतृत्व केलं. त्यात सर्वांत वाईट अवस्थेचा, ५५५५५ चा, आकडा उणे ०.९२३ आहे. तोच वापरा. इथले सापळे असे:

- जुना संगणकी तक्ता कुणाकडून तरी घेणं. त्यात इंग्लंडचा किंवा थायलंडचा सेट असतो. माझ्या पहिल्या मसुद्यात तेच झालं होतं, मार्गदर्शकांच्या नजरेस पडलं म्हणून वाचले.
- ५एलच्या कोडला ३एलचा सेट लावणं. आकडा येतो, पण अर्थ नसतो.
- कोडमधले पाच अंक बेरीज करून ‘गुण’ काढणं. २१३४२ ची बेरीज १२ आणि ११२४४ चीही १२, पण अवस्था वेगळ्या आणि त्यांची वजनंही वेगळी.
- एक चौकट रिकामी राहिली तर तिथे मनाने १ भरणं.

तक्ता एक्सेलमध्ये हाताने लावता येतो. ‘आर’ ही संगणकी भाषा वापरत असाल तर ‘ईक्यू५डी’ नावाचं पॅकेज आहे. कशानेही केलंत तरी पाच-सहा कोड हाताने तपासून पाहा. १११११, म्हणजे पूर्ण निरोगी कोड, याला बरोबर १ मिळतोय ना, एवढं तर नक्की.

७. क्वालीचा हिशेब

उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त रीत कळावी म्हणून. गुडघेबदलाआधी युटिलिटी ०.५०, तीन महिन्यांनी ०.६०, वर्षाने ०.८०. दोन भेटींमध्ये रेषा सरळ धरायची आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ काढायचं.

पहिले तीन महिने: ०.५० आणि ०.६० ची सरासरी ०.५५, गुणिले ०.२५ वर्ष, ०.१३७५. पुढचे नऊ महिने: सरासरी ०.७०, गुणिले ०.७५, ०.५२५. एकूण ०.६६२५ क्वाली. शस्त्रक्रिया न करता ०.५० वरच राहिले असते तर ०.५०. फायदा ०.१६२५.

जादा खर्च दोन लाख रुपये धरला, तर एका क्वालीला साधारण १२ लाख ३१ हजार. महागच वाटतं. पण नवा गुडघा वर्षभरात निकामी होत नाही. पुढची नऊ वर्षं दरसाल ०.३० चा फायदा टिकला असं धरा. पुढच्या वर्षांची किंमत आज थोडी कमी धरायची असते, भारतीय चौकटीत हा सवलतीचा दर ३ टक्के. त्या दराने नऊ वर्षांच्या फायद्याची आजची किंमत ०.३० गुणिले ७.७८६, म्हणजे २.३४. पहिलं वर्ष मिळवून जवळपास २.५ क्वाली. दोन लाख भागिले २.५, एका क्वालीला ८० हजार.

तीच शस्त्रक्रिया, तीच माणसं, तेच फॉर्म, आणि १२ लाखांचे ८० हजार झाले. फरक फक्त किती वर्षं पुढे पाहिलं याचा. म्हणून कोणाचाही ‘एका क्वालीला इतके रुपये’ आकडा वाचलात की आधी काळ किती धरलाय ते शोधा. आणि स्वतः लिहाल तेव्हा फायदा टिकेल हे कशावरून धरलं ते सांगा. पाच वर्षं टिकला तर, हळूहळू घटला तर, असंही करून दाखवा.

दोन गटांची तुलना असेल तर सुरुवातीच्या युटिलिटीतला फरक विश्लेषणात धरायला विसरू नका. एक गट मुळातच बरा असेल तर त्याच्या क्वाली उपचाराशिवायही जास्त दिसतात.

८. आकडा कशाशी ताडायचा

गोव्यातलंच एक काम अभ्यासासाठी उत्तम आहे. संगत या संस्थेच्या संशोधकांनी राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी केली. मानसोपचाराचं औपचारिक शिक्षण नसलेल्या, पण त्यासाठी तयार केलेल्या समुपदेशकांनी काही बैठका घेतल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: एका क्वालीला ९,३३३ आंतरराष्ट्रीय डॉलर, २०१५ च्या भावाने, आणि हा उपचार खर्चाच्या मानाने परवडणारा असण्याची शक्यता ८७ टक्के. त्यातली ८७ टक्क्यांची मांडणी शिकण्यासारखी आहे. नुसता एक आकडा ठोकून न देता, अनिश्चितता कशी सांगायची ते तिथे कळतं.

पण आंतरराष्ट्रीय डॉलर म्हणजे बँकेतला डॉलर नव्हे. तो खरेदीशक्तीवर बेतलेला असतो. त्या ९,३३३ ला आजच्या विनिमय दराने गुणून रुपये काढलेत तर आकडा भलताच फुगेल.

परवडतं की नाही हे ठरवायला आपल्याकडे देशाचं दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) ही कसोटी सर्रास लावतात. तिच्यावर टीकाही बरीच आहे. सरकारच्या तिजोरीत प्रत्यक्ष किती पैसा आहे आणि तो दुसरीकडून काढला तर कोणाची तब्येत जाते, हे तिला कळत नाही. तरी लावणार असाल तर देशाचाच आकडा लावा. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. ते लावलं तर इथे जवळपास सगळंच परवडणारं ठरतं.

९. लिहून काढताना

पद्धतीच्या प्रकरणात या गोष्टी सरळ वाक्यांत याव्यात: प्रश्नावली कोणती, कोणत्या भाषेतली, कोणी भरली, कोणत्या दिवशी, कुठे, व्हॅल्यू सेट कोणत्या देशाचा, कोणत्या वर्षाचा, किती फॉर्म अपुरे होते आणि त्यांचं काय केलं, काळ आणि सवलतीचा दर. सरासरी युटिलिटी देऊन थांबू नका. पाचही प्रश्नांत किती जणांनी कोणती पातळी सांगितली त्याचा तक्ता द्या. वाचणाऱ्या डॉक्टरला ०.५८ पेक्षा ‘शंभरातल्या बासष्ट जणांना हिंडताफिरताना तीव्र त्रास होतो’ अशी नोंद लवकर कळते.

आणि मूळ पाच अंकी कोड कधीही पुसू नका. युटिलिटी काढून झाली की बरेच जण फाइल आटोपशीर करायला ते रकाने उडवतात. उद्या नवा व्हॅल्यू सेट आला, किंवा कोणाला तुमचं काम दुसऱ्या सेटने तपासायचं असेल, तर ते पाच अंकच लागतात. नावं आणि पत्ते वेगळ्या कुलूपबंद यादीत, कोड वेगळ्या फाइलमध्ये, त्याच्या दोन प्रती, आणि ‘कारण’ रकान्यातली माणसांची वाक्यं कोडांच्या शेजारीच.